धाकलीच्या दाराबाहेर

वेल्ह्यात मी खोली भाड्याने घेतली त्या दिवशी घरमालकीण घरात नव्हती. सामानाचा टेम्पो दारात उभा आणि दाराला कुलूप. समोरच्या घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आक्का मयताला आंघोळ घालाय गेल्यात. येतील इतक्यात. बसा तुमी." दळण आणायला गेल्यात म्हणावं, तितक्या सहज म्हणाली.

मी तेव्हा शाळेवर बदली होऊन नवीनच आले होते. टेम्पोवाला घाई करत होता, तोरण्यावर ढग उतरायला लागले होते, आणि मी एका गादीच्या वळकटीवर बसून असल्या घरात राहावं की नाही याचा विचार करत होते. तेवढ्यात आक्का आल्या. उंच, काटक बाई. नऊवारीचा ओचा गुडघ्यापर्यंत भिजलेला, काखेत कापडी पिशवी. त्यांनी लांबूनच हात केला. "शिवू नका मला. न्हाऊन येते." मागच्या न्हाणीत भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्या ओल्या केसांनी बाहेर येऊन समोरच्या बाईला म्हणाल्या, "किल्ली तुझ्याकडं ठिवली व्हती की गं. बाईंना दिली न्हाईस?"

समोरचीने कपाळाला हात लावला. "इसरले बघा."

"मंग आता गादी धर एका बाजूनं," आक्का म्हणाल्या. माझं बिऱ्हाड असं लागलं.

आता आक्का नाहीत. त्या गेल्याचं मला भोरला कळलं, तेव्हा दहावा होऊन गेला होता. तेव्हापासून त्यांच्याबद्दल कुणाशी तरी बोलावं असं वाटतं, आणि बोलायला बसलं की सगळं एकदम आठवतं. आधी काय आणि नंतर काय, हे राहत नाही.

वेल्ह्यात किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाईमाणूस गेलं की आक्कांना निरोप यायचा. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. सासूला त्यांनी एकटीने आंघोळ घातली, ती बघून शेजारणीने बोलावलं, मग दुसरीने, असं ते अंगावर येत गेलं. त्यांच्या पिशवीत शिकेकाई, खोबरेल, कंगवा, हळदकुंकवाची डबी आणि हिरव्या बांगड्या असायच्या. पोराने घेऊन दिलेला मोबाईल त्यांना लावता येत नसे, नुसता उचलता येई. तो वाजला की उचलण्याआधी त्या देव्हाऱ्याकडे बघून विचारायच्या, "कोन गेलं गं?" बहुतेक वेळा फोन पोराचाच असायचा, गोळ्या घेतल्या का विचारायला.

एका सुट्टीच्या दिवशी मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. डोंगरातल्या धनगरवस्तीवर एक म्हातारी गेली होती. जीप जिथवर जाते तिथवर जीप, पुढे चढ. आक्कांनी पुरुषांना बाहेर काढलं, दाराला घोंगडी लावली आणि पाणी कढत नाही ना ते कोपर बुडवून पाहिलं, लहान मुलाच्या आंघोळीला बघतात तसं. मग त्या म्हातारीशी बोलू लागल्या. "हात उचल गं जरा. हां. झालं, झालं. केस किती गुंतलेत तुझे, कुणी विंचरत नव्हतं का?" मला आधी कसंसंच झालं. पण कोपऱ्यात थिजून बसलेल्या दोन सुना हळूहळू पुढे आल्या, एकीने तांब्या घेतला, दुसरी रडायला लागली. घर एकदम मोकळं झालं.

शेवटी आक्कांनी म्हातारीच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. म्हातारी विधवा होती. बाहेर आणल्यावर एका वयस्क गृहस्थांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आक्का, ह्ये रीतीला धरून न्हाई."

"मंग तुमी नका लावू," आक्का म्हणाल्या. "जाताना कपाळ मोकळं कशापायी? तिनं काय चोरी केली?"

ते बाजूला झाले. येताना मी आक्कांना विचारलं, की त्याही विधवाच आहेत, मग स्वतः कुंकू का लावत नाहीत. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मला अजून लोकात ऱ्हायाचंय बाई."

मयताच्या घरी त्या पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी आपल्या घरून पिठलं-भाकरी करून न्यायच्या आणि घरातली माणसं जेवेपर्यंत तिथे बसून राहायच्या. "रडायला बी ताकद लागती," असं सांगून लेकीसुनांना बळेच घास भरवायच्या.

देवाशी त्यांचं नातं भांडणाचं होतं. देव्हाऱ्यात गावदेवी मेंगाईचा चांदीचा टाक होता. मंगळवारी, शुक्रवारी देवळात जायच्या, उपास कडक करायच्या, पण एखादं तरणं माणूस गेलं, बाळंतपणात पोर गेली, की घरी येऊन न्हाऊन झाल्यावर टाक उचलायच्या आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायच्या. "आज तुझं तोंड बघायचं न्हाई मला." दिवस मावळला की मात्र दिवा लावताना टाक पुन्हा सरळ करायच्या, पुढे गुळाचा खडा ठेवायच्या. एकदा मी दारातच होते. माझ्याकडे बघून जरा ओशाळल्या. "तिला तरी माझ्याबिगर कोन इचारतंय," म्हणाल्या.

अशा ह्या बाईचं एका माणसाशी बोलणं नव्हतं, आणि ते माणूस भिंतीपलीकडेच राहत होतं.

आक्कांची धाकटी जाऊ. गावात तिला सगळे धाकलीच म्हणायचे. मूळ घर एकच. वाटणीत मधे भिंत आली, अंगण मात्र एक राहिलं. दोन दारं, मधे तुळस. दोघींचेही नवरे गेलेले. दोघी पहाटे एकाच वेळी अंगण झाडायच्या, तुळशीपर्यंत आपापलं. एकमेकींकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पण बोलणं पूर्ण बंदही नव्हतं. धाकलीचं एक पांढरं मांजर होतं, त्याच्यामार्फत चालायचं.

"मांजरे, कुणाचं तरी वाळवण भिजाय लागलंय," आक्का आभाळाकडे बघत म्हणायच्या.

धाकली धावत येऊन सांडगे गोळा करायची आणि जाता जाता म्हणायची, "मांजरे, कुणाला तरी डोळं हायेत म्हणायचं."

मी राहायला आल्यावर हे काम माझ्याकडे आलं. "बाई, तिकडं सांगा, नळाला पाणी आलंय." मी वळून तोंड उघडायच्या आत धाकली म्हणायची, "बाई, तिकडं सांगा, मला बी कान हायेत." मला हसू यायचं. काही दिवसांनी समोरच्या बाईने कारण सांगितलं, आणि मग ते हसू गेलं.

धाकलीला मूल नव्हतं. आक्कांना मुलगा झाला तेव्हा शेताची कामं आक्का बघायच्या आणि पोर धाकलीकडे असायचं. पोर रांगायला लागलं ते धाकलीच्या मागे. ताप आला की तिच्या मांडीवर. एक दिवस आक्कांनीच मेंगाईच्या देवळात, चारचौघांच्या देखत, पोर धाकलीच्या पदरात घातलं. "ह्यो तुझा. मी फकस्त जन्म दिला." पोर धाकलीला आई म्हणायचं आणि बाकीच्यांचं ऐकून जन्मदात्या आईला आक्का.

मग आक्कांचे मालक गेले. घरात एकटेपण आलं, भावकीतले लोक कानाशी लागले, की तुझा वंश, तुझं म्हातारपण, आणि तू पोरगं देऊन बसलीस. वर्ष-दीड वर्ष आक्कांनी ऐकून घेतलं. एक दिवस उठल्या आणि पोराला अलीकडे घेऊन आल्या. पोर तेव्हा चांगलं मोठं, शाळेत जाणारं. ते रात्री पळून पुन्हा पलीकडे जायचं, म्हणून आक्कांनी त्याला भोरला वसतिगृहात घातलं. त्याची पेटी एसटीवर चढवायला निघाल्या तेव्हा धाकलीने अंगणात त्यांचे पाय धरले. सगळी आळी बघत होती. "नेऊ नको गं," एवढंच म्हणत होती. आक्का पाय सोडवून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी धाकली तुळशीपाशी उभी राहिली आणि आळीला ऐकू जाईल अशी बोलली, "मी मेले तरी हिच्या हातचं पानी माझ्या अंगावर घालू देऊ नका."

आक्कांच्या हातचं पाणी म्हणजे काय, हे वेल्ह्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

मी एकदा आक्कांना ह्याबद्दल विचारलं होतं. त्या भाकरी थापत होत्या. थापत्या हातानेच म्हणाल्या, "पोरगं माझं व्हतं." भाकरी तव्यावर टाकली. पोरगं मात्र, मोठं होऊन शिरवळच्या कंपनीत लागलं, लग्न झालं, तरी त्यांना आक्काच म्हणत राहिलं. सुट्टीला यायचं ते आधी पलीकडच्या दारात जायचं. आक्का इकडे चहाचं आधण ठेवून बसायच्या, पाणी आटायचं, पुन्हा घालायच्या.

मी वेल्ह्यात होते त्यातल्या शेवटच्या वर्षी धाकली आजारी पडली. आधी पायाला सूज, मग धाप. तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला न्यायला सांगितलं, मुलगा घेऊनही गेला, पण काही दिवसांत ती हट्टाने परत आली. तिला आपल्याच घरात पडून राहायचं होतं. मुलाने शेजारच्या आळीतली एक बाई बघायला ठेवली आणि रविवारी रविवारी येत राहिला.

आक्का रोज सकाळी एक वाटी माझ्या हातात द्यायच्या. कधी तांदळाची पेज, कधी मऊ भात, कधी नाचणीचं आंबील. "तुमी केलंय म्हणून सांगा." मी नेऊन द्यायचे. धाकली उठून बसायची, दोन घास खायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्या हाताला चव हाय हो. मीठ तेवढं कमी घालता." मग भिंतीकडे बघायची. आक्कांच्या हातच्या सगळ्याच जेवणाला मीठ कमी असायचं, त्यांच्या मालकांना रक्तदाब होता तेव्हापासूनची सवय. धाकलीला हे पक्कं माहीत होतं. मी वाटी परत आणली की आक्का ती हातात घेऊन किती उरलंय ते बघायच्या. मिठाचं सांगितलं तर म्हणायच्या, "लई बोलती." पण दुसऱ्या दिवशीही मीठ तितकंच.

दोघींचं बोलणं आता होणार, असं मला वाटायला लागलं होतं. आळीलाही वाटत होतं. समोरची एकदा आक्कांना म्हणाली, "जावा की आत. किती वाट बघायला लावता त्या जिवाला?"

"तिनं बोलवाया पायजे," आक्का म्हणाल्या. "म्या कुठल्या तोंडानं जाऊ?"

तो शनिवार होता, सकाळची शाळा. मी घरी आले तर आक्कांच्या दाराला कडी. जवळच्या पाली गावाहून निरोप आला होता, तिथे कुणीतरी बाई गेली होती, आणि त्या पिशवी घेऊन जीपने गेल्या होत्या. मी कुलूप काढते आहे तोवर पलीकडून हाक आली. मी आत गेले. धाकली उशीला टेकून बसली होती. बोलताना तिला दम लागत होता.

"आक्का हाय का घरात?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. नेहमी 'तिकडं', नाहीतर 'कुणीतरी'.

"नाहीत. पालीला गेल्यात. मयत आहे."

"मंग उशीर व्हईल," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "असू दे. त्या घरी गरज आसंल."

"आल्या की काय सांगू?"

"काय नको. मीच बोलते." तिने पाणी मागितलं, मी दिलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली. सांभाळायला ठेवलेली बाई आत होतीच, म्हणून मी घरी येऊन जेवायला बसले. चारच्या सुमाराला त्या बाईची हाक आली, आणि मी गेले तेव्हा धाकली राहिली नव्हती.

आक्का उन्हं कलल्यावर आल्या. अंगणात बायका उभ्या होत्या. आक्कांनी सगळ्यांकडे बघितलं, मग पलीकडच्या उघड्या दाराकडे. पिशवी काखेत तशीच धरून तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या.

"कवा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. धाकलीने त्यांना विचारलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणाली? शबूद सांगा."

"आक्का हाय का घरात, असं म्हणाल्या."

"आक्का म्हणाली? मांजराला न्हाई?"

"मला म्हणाल्या. तुमचं नाव घेऊन."

त्यांनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली. "पान्याचं काय बोलली?"

"नाही. पाण्याचं काही नाही. तुमच्याशी मीच बोलते, म्हणाल्या."

समोरची पुढे आली. तिने आक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का, उठा आता. रागाच्या भरातलं बोलनं ते, किती जुनं झालं. तिनं तुमचं नाव घेतलं, अजून काय पायजे?"

"नाव घेतलं," आक्का म्हणाल्या. "पन ज्ये बोलली व्हती त्ये माघारी न्हाई घेतलं. आता ती हाय का व्हय म्हणाया? तिला बोलता येत न्हाई म्हणून म्या माझंच करू? एकदा केलं तेवढं बास झालं."

ज्या बाईने अख्ख्या खोऱ्यातल्या बायांना निरोप दिला, तिच्या दारात प्रेत आणि ती बाहेर. आळीतल्या एकीनेही हे काम कधी केलेलं नव्हतं. आक्का असताना कुणावर वेळ आली नव्हती. शेवटी समोरची आणि मी आत गेलो.

आक्का उठल्या, धाकलीच्या दाराबाहेर पायरीवर बसल्या, दाराकडे पाठ करून. पिशवी त्यांनी मागे न बघता आत सरकवली. आणि तिथून सांगू लागल्या.

"पानी कोपरानं बघा. कढत नको. तिला सोसत न्हाई."

"आधी केस सोडा. हळू. डोकं मांडीवर घ्या, खाली टेकवू नका."

"उजवा खांदा जपा. दुखतो तिचा."

समोरचीने माझ्याकडे बघितलं. धाकलीचा खांदा दुखतो, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. भिंतीपलीकडून रोज कण्हणं ऐकणारीलाच ते माहीत असणार. आमच्या हातून पाणी सांडत होतं. बाहेरून आवाज येत राहिला, एका लयीत, चिडचिड न करता, धनगरवस्तीवर आला होता तसाच. पण तिथे त्या म्हातारीशी बोलत होत्या. इथे धाकलीशी एक शब्दही बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते आम्हाला.

"लुगडं कुठलं नेसवायचं?" समोरचीने आतून विचारलं.

"ट्रंकेत तळाला हिरवं आसंल. लग्नातलं. माझ्याच भावानं आणलं व्हतं." होतं ते.

"झालं आक्का."

"कुंकू लावलं?"

"लावते."

"मोठं लावा."

बाहेर आणताना आक्का उठून बाजूला सरकल्या. वाऱ्याने पदर उडत होता, तो त्यांनी मुठीत आवळून धरला, धाकलीला लागू नये म्हणून.

मुलगा अंधार पडायच्या आत पोचला. 'आई' म्हणून तो तिच्या पायांशी बसला, त्याला उठवणं कठीण झालं. अग्नी त्यानेच दिला. घरी परतल्यावर त्याने आक्कांना विचारलं, "आक्का, तू नाही घातलीस आंघोळ?"

"तिनं नको म्हटलं व्हतं."

"कशामुळं म्हणाली होती?"

आक्का दिव्याची वात सारायला उठल्या. त्याला उत्तर हवं होतं असंही वाटलं नाही. तो पलीकडच्या घरात जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांच्या देव्हाऱ्याकडे बघितलं. टाक सरळच होता. मी बघतेय हे त्यांना कळलं. "मेंगाईचा काय दोष ह्यात," म्हणाल्या. "तिनं माझ्याकडं पाठ करायला पायजे."

त्यानंतर त्या कुठल्याच मयताला गेल्या नाहीत. फोन यायचे, जीप दारात यायची. "हात उचलत न्हाई आता," म्हणून त्या परत पाठवायच्या. लोकांना वाटलं, वय झालं. आळीतल्या दोघीतिघी मग जाऊ लागल्या. त्यांना काही अडलं तर त्या विचारायला यायच्या, आणि आक्का सांगायच्या. पिशवी त्यांनी समोरचीला देऊन टाकली.

माझी बदली भोरला झाली. पुढे मुलाने महामार्गाजवळ कामथडीला घर बांधलं आणि आक्कांना तिकडे नेलं. मुलगा वाईट नव्हता, सूनही चांगली होती. वेळेवर जेवण, वेळेवर औषध. मी एकदा मुद्दाम जवळच्या नसरापूरला उतरून त्यांना भेटायला गेले. ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या. समोरून गाड्या जात होत्या, त्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं.

वेल्ह्याच्या एकेका माणसाची त्यांनी चौकशी केली. सुनेने चहा आणून दिला. ती आत गेल्यावर आक्कांनी खुर्ची माझ्याकडे ओढायला लावली.

"बाई, हितं बसून बसून एकच इचार येतो," त्या म्हणाल्या. "धाकली मला जल्मात दोनदाच नको म्हणाली. बाकी कवा कशाला नको म्हणाली न्हाई, काय बी सांगा, करायची. एकदा पाय धरून म्हणाली, पोरगं नेऊ नको. आन एकदा रागानं म्हणाली, पानी घालू नको."

एक लांबलचक ट्रक गेला, तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"पयलं म्या ऐकलं न्हाई. दुसरं ऐकलं," त्या म्हणाल्या. "ह्ये उलटं व्हायला पायजे व्हतं."